धनराजसाठी टाकलेला शब्द

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे हे काढायची माझी छाती कधी झाली नाही. बायकोपुढेही नाही. माझ्या पोटातलं सगळं तिला कळतं असं वस्तीतले लोक म्हणायचे. हे तिला कळलं नाही — की कळलं आणि गप्प बसली? आता विचारायची सोय नाही. ती गेली.

गोष्ट एका शब्दाची आहे. शिवी नाही, हं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन कॉलर धरतो, दोन थोबाडीत ठेवून देतो, हिशेब फिटतो. मी स्तुती केली होती. तोंडावर, चारचौघांत, खणखणीत. आणि ज्याची केली त्यानं जन्मभर माझे उपकार मानले. आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, स्तुती केली तर त्यात कसला आला गुन्हा? थांबा जरा. मला आडवळणानंच यावं लागेल. सरळ यायची सवय मोडून फार वर्षं झाली.

नागपुरातल्या सदर भागात एक इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तिथं मी वाइंडिंगचं काम करायचो. म्हणजे जळालेल्या पंख्यातली, कूलरच्या मोटरमधली करपलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून बसवायची. नागपूरच्या उन्हाळ्यात माणसं कशीबशी टिकतात, मोटरी टिकत नाहीत. होळीपासून मृगापर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नसे. दुकानाचं नाव सांगत नाही. मालकाला सगळे शेठ म्हणायचे, तेवढं पुरे.

राहायला मी उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत. छप्पन साली दीक्षा घेतलेली वस्ती. पुरुष बहुतेक मिलमध्ये, बाया विडीच्या कारखान्यात. पण बापाच्या जागी पोरगा मिलमध्ये लागायचे दिवस संपत आले होते. पोरं मॅट्रिकपर्यंत जायची, काही पासही व्हायची, आणि मग विहारासमोरच्या ओट्यावर बसून राहायची. शेंडे गुरुजी म्हणून वस्तीतले एक वडीलधारे होते, शाळेतून रिटायर झालेले. एका रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवून घेतलं.

"देव सोडले, बरं केलं," ते म्हणाले. "पन पोरायच्या हाती काय देलं गा आपण? रिकाम्या हाताचं पोरगं कुठलोक पुरन? काही हुन्नर शिकवा त्याईले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हुन्नर असलेला मीच होतो ना.

खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. विहाराच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. कुणी जुनं टेबल दिलं, कुणी दिवा दिला. एका बाईनं मेलेल्या नवऱ्याची पक्कड आणून दिली आणि देताना रडली. जळक्या मोटरी आम्ही कबाड्याकडून उचलायचो. संध्याकाळी मी दुकानातून आलो की हातपाय धुऊन तिथं जायचो. दहा-बारा पोरं वाट बघत असायची. आत शिरलो की सगळी उभी राहायची. मास्तर! ज्या माणसाला शाळेत मागच्या दाराजवळ बसवत होते, त्याला मास्तर म्हणून पोरं उभी राहतात — हे सुख काय असतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

आमच्या वर्गाला सरकारी शिक्का नव्हता, सर्टिफिकेट नव्हतं. सर्टिफिकेट म्हणजे मी. मी शेठला घोळात घेऊन कबूल करवलं होतं की दर वर्षी कूलरचा सीझन सुरू व्हायच्या आधी तो आमच्या वर्गातला एक पोरगा कामावर घेईल. एका दुकानात टिकला की पोराचं नाव होतं, मग त्या गल्लीतली बाकीची दुकानंही घेतात. त्यामुळे सगळ्या वस्तीचे डोळे त्या एका जागेवर. आणि ती जागा कुणाला मिळणार ते ठरायचं मी कुणासाठी शब्द टाकतो त्यावर.

पहिल्या वर्षी मी सगळ्यात चांगला पोरगा घेऊन गेलो. शेठनं गादीवरून विचारलं, "कैसा है लडका?"

मी फुशारकीनं म्हणालो, "होशियार है, सेठ."

शेठनं पोराला चहा पाजला आणि परत पाठवून दिलं. नंतर मला आत बोलावलं. रागावला नाही — समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. "देखो मास्टर, होशियार मत लाया करो. होशियार आदमी पहले काम सीखता है, फिर छुट्टी का हिसाब सीखता है, फिर बाकी लडकों को सिखाता है. अपने को सीधा चाहिए. सीधा है तो लाओ."

आपल्या मराठीत हुशार म्हणजे काय? पहिल्या नंबरचा. आई जे पोराबद्दल शेजारणीला सांगते ते. शेठच्या हिंदीत होशियार म्हणजे ज्याच्यापासून जपून राहायचं तो. शब्द एकच, पण दुकानाच्या पायरीवर त्याचा अर्थ फिरायचा. हे त्या दिवशी मला कळलं आणि ते मी नीट गाठीला बांधून ठेवलं.

त्यानंतर दर वर्षी मी म्हणायचो, "सीधा है, सेठ." आणि पोरगा लागायचा.

पण नुसतं म्हणून भागतं का? तो सीधा दिसायलाही पाहिजे. मग मी तेही शिकवायला लागलो. तार कशी ओढायची ते शिकवायचो, आणि शेठपुढं कसं उभं राहायचं तेही. हाताची घडी घालायची नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही. काय काय येतं असं विचारलं तर सगळं येत असलं तरी 'थोडा थोडा' म्हणायचं. कॉलेजात जातो, वाचनालयात जातो, हे चुकूनही सांगायचं नाही. शेंडे गुरुजींनी हे एकदा दारातून ऐकलं. चष्मा पुसत निघून गेले. ज्या खोलीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच खोलीत मी पोरांना मान खाली घालायला शिकवत होतो. पण पोरं लागत होती ना कामाला? वस्ती खूश, मी खूश. हातात हुन्नर दिला आणि पाठीतला कणा काढून घेतला. हा सौदा मीच ठरवला होता, मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता धनराज.

विडीवाल्या सखूबाईचा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला, पाठीवर एक बहीण. विशीचा असेल. बारीक अंगाचा, हसताना तोंडावर हात ठेवणारा. वर्गात त्याचा एकच त्रास — "असं काहून जी मास्तर?" तार इतकीच जाडीची काहून? वार्निश आताच काहून? मला येत असलं तर मी सांगायचो, नसलं तर डाफरायचो. तोही डाफरलेलं ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काहून. खरं सांगू का? मला तो आवडायचा. माझ्या पोरांपेक्षा जास्त आवडायचा. इतर पोरं अडली की हळूच त्याच्याकडे सरकायची आणि तो आपलं काम बाजूला ठेवून त्यांना दाखवायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

त्या वर्षी — आणीबाणीच्या आधीची गोष्ट आहे — त्याच्या रेल्वेतल्या मामानं त्याच्यासाठी खलाशाच्या कामाचं जमवत आणलं होतं. साहेबाच्या हातापाया पडून. आज टेम्पररी, पण रेल्वे ती रेल्वे, पुढेमागे पक्की झाली असती. सखूबाई मला विचारायला आली. तिचे डोळे तेव्हाच अधू झाले होते, विडीचं पान कापताना बोटं कापायची. म्हणाली, "तुमी सांगान तसं करतो जी. पोरगं म्हनते, मले हुन्नराचं काम पाह्यजे."

मी म्हणालो, "बाई, खलाशी होऊन हातोडाच उचलायचा असन तं मंग माह्याकडं दोन वर्षं काहून घालवले? थांबा. यंदा शेठकडं धनराजचंच पक्कं समजा."

मामाला नकार कळवला गेला. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. हे मी केलं तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं. नव्हतं हो. म्हणून तर पुढचं अधिक घाण आहे.

आता तुम्हाला मला दुकानाच्या आतल्या खोलीत न्यावं लागेल. तिथं मी कुणालाच कधी नेलं नव्हतं.

शेठचे वडील फार म्हातारे होते. दुपारी जेवून ते मागच्या खोलीत खाटेवर पडायचे. एकदा त्यांच्या पोटरीत गोळा आला, ओरडले, मी धावत जाऊन पाय चेपले. माणुसकी म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली. तिसऱ्या दिवशी मोहरीच्या तेलाची वाटी तयार होती. मग ते माझं कामच होऊन गेलं. कुणी हुकूम केला नाही, कुणी धमकी दिली नाही. मला फक्त नाही म्हणता आलं नाही. वस्तीत मी मेकॅनिक होतो, मास्तर होतो, लोक सांगायचे की शेठचं पानही याच्याशिवाय हलत नाही. आणि रोज दुपारी शटर अर्धं पाडून मी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसून म्हाताऱ्याचे पाय चेपत होतो. घरी जाताना साबणानं हात दोनदा धुवायचो. ग्रीस लागलंय म्हणायचो.

एका दुपारी विहाराच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात राहिली म्हणून गुरुजींनी धनराजला सदरला पाठवलं. पुढे दुकानात कुणी नव्हतं. तो अर्ध्या शटरखालून वाकून आत आला आणि मागच्या खोलीच्या दारापर्यंत आला. मी पाठमोरा होतो, पण समोर भिंतीला कपाट होतं, आरसा असलेलं. आरशात मला तो दिसला. मला पाय चेपताना बघत उभा असलेला.

तो क्षणभरच थांबला. मग आवाज न करता मागे सरकला. पुन्हा शटरखालून बाहेर गेला. मी ऐकत होतो, हात चालूच होते. बाहेर रस्त्यावर त्यानं सायकलचं स्टँड मुद्दाम दाणकन पाडलं. मोठ्यानं खोकला. मग शटरवर थाप मारून हाक दिली, "मास्तर हायेत का जी आतमंदी?"

कळलं का तुम्हाला त्यानं काय केलं? त्यानं मला उठायला वेळ दिला.

मी उठलो, धोतराच्या सोग्याला हात पुसले, बाहेर गेलो. तो उन्हात उभा होता. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं नाही. तेलाचा वास नक्की येत होता, तरी नाक हललं नाही. किल्ली घेतली, "येतो जी मास्तर," म्हणाला आणि गेला. संध्याकाळी वर्गात मी शिरलो तेव्हा नेहमीसारखा उभा राहिला. नेहमीसारखंच "काहून जी". मी त्याच्या तोंडावर काहीतरी शोधत होतो. कुचेष्टा, हसू, दुसऱ्या पोराला केलेला डोळा. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. त्यानं ते कुणालाही सांगितलं नाही, कधीच नाही.

सांगितलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. हे वाक्य मी फार विचार करून बोलतोय. तो हसला असता, टिंगल केली असती, तर मी त्याला दोन शिव्या घालून, कान धरून, शेवटी कामाला लावलं असतं. पण विशीतल्या पोरानं माझी लाज झाकली. मोठ्या माणसानं लहानाची झाकावी तशी झाकली. वर्गात तो उभा राहायचा तेव्हा मला वाटायचं, हा मास्तरसाठी उभा राहत नाही, हा माझ्यावर दया करतो. तो समोर आला की माझे हात पुन्हा तेलकट व्हायचे. मला तो डोळ्यांसमोर नको झाला. आणि ज्या दुकानात मी रोज दुपारी ते करत होतो, त्याच दुकानात त्याला माझ्या बाजूच्या स्टुलावर बसवायचं? रोज? मग दुपारी तो काय करणार — रोज खोकत बाहेर जाणार?

असं काही मी तेव्हा शब्दांत मांडलं नव्हतं. मनात नुसती एक जळजळ होती.

होळीच्या आधी मी दोघांना घेऊन सदरला गेलो. धनराज आणि दुसरा एक पोरगा, साधा, कामाला बरा. धनराजनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, मामाचा असावा, खांद्यावरून उतरत होता. मी शिकवलं होतं तसा उभा राहिला — हात सोडून, नजर खाली. त्यालाही ते चांगलं जमलं होतं, वाईट तेच वाटतं. शेठनं नेहमीसारखं मला विचारलं. दुसऱ्यासाठी मी म्हणालो, "सीधा है."

"और ये?"

दुकानात शेठचा भाऊ होता, दोन गिऱ्हाईकं होती. मी धनराजच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला हो मी! आणि म्हणालो, "ये होशियार है, सेठ. बहुत होशियार. मेरी पूरी क्लास में ऐसा लडका नहीं."

शेठनं माझ्याकडे नीट पाहिलं. त्याला कळलं. मला शब्दाचा अर्थ माहीत आहे, हे त्याला माहीत होतं. "अच्छा," तो म्हणाला, "देखते हैं."

साप मरावा आणि काठीही तुटू नये, तसं मी ते काम केलं. एक अक्षर खोटं बोललो नाही. कुणी शपथेवर विचारलं असतं तरी म्हणालो असतो, मी पोराची तारीफच केली. होताच तो होशियार. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

आणि धनराज? खाली घातलेली मान त्यानं वर केली. मी शिकवलेलं सगळं विसरून माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सदरपासून वस्तीपर्यंत आम्ही पायी आलो, तो माझ्या एक पाऊल मागून चालत होता. दुसऱ्या दिवशी सखूबाई आली. मडक्यावर केलेले पुरणाचे मांडे फडक्यात बांधून आणले होते. तसल्या डोळ्यांनी, तसल्या बोटांनी केलेले. दारात उभी राहून माझ्या बायकोला सांगत होती, "माह्या धनराजले मास्तरनं शेठच्या तोंडावर होशियार म्हटलं म्हनते वं बाई. कोनासाठी कोन शब्द टाकते आजकाल?"

मांडे मी खाल्ले. बायकोनं आग्रह केला, आणखी एक खाल्ला.

शेठनं दुसऱ्या पोराला घेतलं. पंधरवडाभर मी धनराजला काही सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. मग एक दिवस म्हणालो, "शेठचं मन फिरलं गा. नशीब." त्यानं मान हलवली. मलाच म्हणाला, "तुमी काय करसान जी मास्तर, तुमी तं सांगतलं होतं." मग तो स्वतःच्या पायानं फिरला. त्या गल्लीतलं एकेक दुकान. पण गल्ली म्हणजे एका घरासारखी, नवा माणूस आला की मालक लोक एकमेकांना विचारतात. शेठला विचारलं की शेठ सांगायचा, मास्टर खुद बोला, होशियार है. दुसऱ्या एका दुकानाच्या मेकॅनिकनं मला हे हसत हसत सांगितलं. धनराजला प्रत्येक जण फक्त म्हणाला, जगह नहीं है. माझा शब्द त्याच्या पुढे चालत होता, आणि तो ज्या दारात जाई तिथं आधीच पोचलेला असे.

मामाकडे परत गेला तेव्हा मामानं दार उघडलं नाही. हुन्नर पाहिजे होता ना, म्हणाला, खा आता हुन्नर.

पुढच्या वर्षी मी त्याच्यासाठी सीधा है म्हणू शकलो नसतो का? शेठनं ऐकलंही असतं कदाचित. तोंड उघडायचं होतं फक्त. मी उघडलं नाही. त्यानं वर्गात येणं सोडलं तेव्हा मला हायसं वाटलं. हे सुद्धा सांगून टाकतो — हायसं वाटलं. पाय चेपायचं काम मात्र म्हातारा मरेपर्यंत चालू होतं.

कधी कधी, रात्री नाही, भर दिवसा, मला प्रश्न पडतो. ज्याला दारातून एका नजरेत माझी सगळी लाज कळली, त्याला माझा शब्द कळला नसेल? नसेलच, असं वाटतं. माझ्याकडून वाईट होईल असं त्याच्या मनातच येणं शक्य नव्हतं. आणि मग वाटतं, कळला असेल. कळूनही त्यानं पुन्हा झाकलं असेल. यातलं कुठलं मला जास्त जड जाईल, ते मी ठरवू शकलेलो नाही.

नंतर बरीच वर्षं मी त्याला टाळलं. वस्ती लहान, पण टाळायचं म्हटलं की रस्ते सापडतात. सखूबाई वारली तेव्हा मी तापाचं सोंग घेऊन घरी पडून राहिलो. वर्ग पुढे बंद पडला, गुरुजी गेले, माझंही दुकान सुटलं.

मग एकदा वर्ध्याहून मुलीकडून परत येत होतो. तिनं तुरीच्या डाळीचं पोतं बरोबर दिलं होतं. स्टेशनबाहेर मी सायकलरिक्षा शोधत होतो, तोच कुणीतरी माझ्या हातातून पोतं घेतलं. "द्या जी मास्तर." धनराज. केस पांढरे झालेले, गळ्यात गमछा. माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस, माझ्यापेक्षा म्हातारा दिसत होता. नाही म्हणायची मला संधीच मिळाली नाही. पोतं त्यानं स्वतःच्या रिक्षात पायाशी ठेवलं, मला सीटवर बसवलं आणि पेडल मारायला लागला.

भर दुपार होती. त्याची पाठ माझ्यासमोर होती, शर्ट घामानं चिकटलेला. मागे न बघताच तो बोलत होता. पोरगी दहावीला आहे. बहिणीचं कामठीला लग्न झालं. मग म्हणाला, "एक सांगू का जी? शेठनं नाई घेतलं, जाऊ द्या. पन तुमी चार लोकायपुढं मले होशियार म्हटलं ना, त्याच्या आधी मले कोनं म्हटलं नव्हतं. अन् मंग बी कोनं म्हटलं नाई. माय मरेलोक सगळ्यायले सांगत होती. मी बी पोरीले सांगत राह्यतो, तुया बाप साधा नाई वं, मास्तरनं माह्यासाठी शब्द टाकला होता."

आता इथं तुम्हाला वाटेल की माझा गळा दाटून आला असेल, सगळं सांगून टाकावं असं तोंडाशी आलं असेल. नाही आलं. मी फक्त हिशेब केला की घर अजून किती लांब आहे. आणि त्याच्या पाठीकडे बघत म्हणालो, "होताच गा तू होशियार."

तो हसला. तोंडावर हात ठेवायला हात मोकळा नव्हता, म्हणून मला ते हसू ऐकू आलं.

पुढे पुलाचा चढ होता. त्या चढावर माणूस आपसूक रिक्षातून उतरतो, लहान पोरंसुद्धा उतरतात. धनराज खाली उतरला, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं सीटची दांडी धरून ओढायला लागला. "बसा जी मास्तर, बसा," म्हणाला. मी उतरलो असतो तर आम्ही दोघं बाजूबाजूनं चाललो असतो, आणि मला त्याचं तोंड दिसलं असतं.

मी बसून राहिलो. पूल चढून होईपर्यंत.